जळगावात काही ठरवायचे नाही

जळगाव,
चैत्र वद्य दशमी

तीर्थस्वरूप सौ. द्रौपदाअक्का यांना रुपचंदचा सविनय नमस्कार.

आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो की अजून पायथ्याशीच अडवून धरतो, ते कळवावे. नानांच्या डोळ्यावरची पट्टी निघाली असल्यास हे पत्र त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. निघाली नसल्यास आपणच वाचावे, परंतु मध्येच चष्मा काढून ‘या माणसाला काही कळत नाही’ असे म्हणू नये, कारण तो निष्कर्ष मी स्वतःच पुढे काढलेला आहे. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. (हे वाक्य कोकिळा मला प्रत्येक पत्रात लिहायला लावीत असे, त्यामुळे त्याच्या खरेखोटेपणाची जबाबदारी तिच्याकडे असे. आता ती माझ्याकडे आली आहे.) हे सारे फोनवर सांगता आले असते, याची मला कल्पना आहे. परंतु मागील वेळी मी प्रस्तावना संपवून विषयाकडे वळतच होतो, तेवढ्यात आपण ‘दूध उतू गेलं’ म्हणून फोन ठेवलात. त्यानंतर आपला फोन आला नाही, यावरून ते दूध अद्याप उतू जात असावे असे मी धरून चालतो.

विषय आपले चिरंजीव राकेश यांच्यासंबंधी आहे. आपण लगेच घाबरू नये. राकेशची प्रकृती चांगली आहे आणि पुण्यातील त्याची करसल्लागाराची कचेरीही चांगली चालली आहे. किंबहुना ती फारच चांगली चालते, आणि चालत चालत ती माझ्या घरापर्यंत आली, एवढाच या पत्राचा आशय आहे. ही तक्रार नव्हे. तक्रार करायची तर झाले काय ते समजलेले असावे लागते, आणि मला ते समजलेले नाही.

आपली धाकटी बहीण कोकिळा ज्वारीचे बिबडे करीत असे, हे आपल्याला सांगणे उचित नाही, कारण तिला ते आपणच शिकवले. तरीही विषयाची मांडणी अपुरी राहू नये म्हणून लिहितो (आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे स्थान आणि विस्तार सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही). ज्वारी भिजवून भरडायची, तीळ-लसूण-मिरची घालून घट्ट शिजवायची आणि ओल्या हाताने जुन्या सुती कापडावर थापून उन्हात वाळवायची, एवढीच कृती. कापड म्हणून कोकिळा माझ्या वडिलांची जुनी धोतरे वापरीत असे, त्यामुळे तिच्या बिबड्याच्या पाठीवर त्या धोतराची वीण उमटलेली असे. नशिराबादच्या वच्छलाबाई आणि त्यांच्यासोबतच्या बाया संक्रांतीपासून उन्हाळा संपेपर्यंत सकाळच्या रिक्षाने आमच्या गच्चीवर येत. पाकिटावर ‘कोकिळा’ एवढेच छापलेले असे. हा सारा व्यवहार पुढे अमेरिकेतील खान्देशी मंडळींपर्यंत गेला, आणि तेथील एका दुकानदाराने मागणी इतकी वाढवली की आमच्या गच्चीवर मला फिरण्यासाठी फक्त पाण्याच्या टाकीभोवतीची जागा उरली होती.

मागील श्रावणात कोकिळा गेली. तेराव्याला आपण मला बाजूला घेऊन बजावलेत की दुखवट्याच्या घरात वर्षभर पापड, कुरडया, बिबडे असले काही घालायचे नाही. मी आपली आज्ञा पाळली. यंदा वच्छलाबाईंनी सारे काम नशिराबादेत, आपल्या अंगणात नेले. धोतरेही नेली. संक्रांतीला राकेश भेटायला आला, तेव्हा त्याने रिकामी गच्ची पाहून चौकशी केली. मी त्याला वस्तुस्थिती सांगितली. त्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटले, त्याला मावशीची एखादी जुनी आठवण झाली. तो म्हणाला, “काका, म्हणजे आउटसोर्सिंग तुम्ही आधीच सुरू केलंय!” हा दुखवटा आहे, आउटसोर्सिंग नव्हे, असे मी त्याला स्पष्ट केले, परंतु तोपर्यंत त्याने लॅपटॉप उघडला होता. लॅपटॉप उघडलेल्या माणसाला दुखवटा समजावून सांगता येत नाही, हा माझा अनुभव आहे.

यानंतर जे झाले ते मी जसे ऐकले तसे लिहितो. हिंदी महासागरात एक बेट आहे. त्याचे नाव राकेशने सांगितले, मी माझ्या जुन्या नकाशात शोधले. तेथे एक ठिपका होता, परंतु तो बेटाचा की छपाईच्या शाईचा हे ठरवता आले नाही. त्या ठिपक्यावर राकेशने एक कंपनी काढली. ‘कोकिळा’ हे नाव आता त्या कंपनीच्या मालकीचे आहे. आम्ही इकडे बिबडे विकायचे आणि ते नाव वापरल्याबद्दल नफ्याइतकीच रक्कम त्या बेटाला द्यायची. मग जळगावात नफा म्हणून काही उरत नाही, आणि जेथे काही उरत नाही तेथे कर लागत नाही. बेटावर सर्व काही उरते, परंतु तेथे कर जवळजवळ नाहीच. मी तापी आणि गिरणेचे उतार पिढ्यान्पिढ्या फळ्यावर काढले आहेत. पाणी उंचावरून सखल भागाकडे जाते, ते मला पटते. परंतु जळगावचा पैसा सातपुड्याच्या पायथ्यापासून निघून, समुद्र ओलांडून, एका ठिपक्यात जाऊन कसा मुरतो, हा उतार मला कोणत्याही नकाशात सापडला नाही. राकेश म्हणाला, “हे सगळं कायद्यात बसतं, काका.” बसत असेल. फक्त ते नेमके कशावर बसले आहे, ते दिसत नाही.

मी सही का केली, असे आपण विचाराल. सही करायच्या जागी राकेशने पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि प्रत्येक चिठ्ठीशी तो बोट ठेवीत होता. बँकेच्या कागदांवर कोकिळाही असेच बोट ठेवीत असे. बोट दिसले की मी सही करतो.

त्या कंपनीला संचालक लागतो. तो बेटावरच राहणारा असावा लागतो, म्हणून राकेशने तेथील एक गृहस्थ नेमले. ते अशा अनेक कंपन्यांचे संचालक आहेत आणि त्यांपैकी एकीचेही काम त्यांना ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. ते कोणाच्या जागी बसतात, असे मी विचारले. राकेशने खुलासा केला की कागदावर ते, परंतु प्रत्यक्षात मी. तेव्हा कुठे मला काही उमगल्यासारखे झाले. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवतात. जेवतो तो, पोचते दुसऱ्याला. हा तोच प्रकार. मी तसे म्हटल्यावर राकेश म्हणाला, “हां काका, असंच काहीतरी समजा.” मी समजलो. फक्त आखाजीचा पितर गेलेल्या माणसासाठी असतो, आणि मी अद्याप हयात आहे. जिवंतपणी आपल्या नावाचा पितर परदेशात बसलेला असलेला खान्देशातील पहिला मनुष्य मीच असावा. या गोष्टीचा अभिमान बाळगावा की शांती करून घ्यावी, याचा मी अजून विचार करीत आहे.

आता खरा पेच सांगतो. पुण्याला परत जाताना राकेशने रिक्षात पाय ठेवता ठेवता मला बजावले, “एक लक्षात ठेवा काका. जळगावात बसून काही ठरवायचं नाही. सगळे निर्णय बेटावर झाले पाहिजेत. तुम्ही इथं ठरवता असं कोणाला कळलं, तर कंपनी इथलीच धरतील आणि सगळा कर लागेल.” रिक्षा गेली. मी फाटकाशी उभा होतो. समोरून भाजीवाली आली आणि तिने मेथी हवी की गिलके, असे विचारले. अक्का, मी उत्तर देऊ शकलो नाही. मी कायद्याला मानणारा मनुष्य आहे. तिने दोन्ही दिले.

त्या दिवसापासून या घरात एकही गोष्ट ठरलेली नाही. न्हावी केस किती ठेवू म्हणाला, मी त्याच्यावर सोपवले. त्याने जवळपास काहीच ठेवले नाही. दूधवाल्याने उद्यापासून अर्धा लिटर का, असे विचारले. मी कळवतो म्हणालो, आणि तो अजून दोघांचे दूध टाकतो. पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती बुजवायची की नाही, याचा निर्णय घेण्यासाठी मी एकदा एस.टी.ने एरंडोलपर्यंत जाऊन आलो, या समजुतीने की एरंडोल म्हणजे जळगाव नव्हे. बसस्थानकावर उसाचा रस पिऊन मी तो निर्णय घेतलाही. परतल्यावर राकेशला फोन केला, तर तो म्हणाला की एरंडोलही भारतात येते. तो निर्णय मी मागे घेतला. आपण मला जे वारंवार विचारता, ते कोकिळेच्या पातळांचे काय करायचे, कोणाला कोणते द्यायचे, तेही याच कारणाने राहून गेले आहे, असे आपण समजावे. कपाट मी उघडत नाही, कारण उघडले की काहीतरी ठरवावे लागते. (खरे सांगायचे तर राकेशची अट मला फारशी जड गेली नाही. लग्न झाल्यापासून या घरात निर्णय कोकिळाच घेत आली. बेट तेव्हाही होते. फक्त ते स्वयंपाकघरात होते.)

फाल्गुनात राकेशचा दुसरा बेत कळला. नाव परदेशात गेलेच आहे, तर काम तरी येथे कशाला, म्हणून बिबडेही तिसऱ्याच एका देशात, यंत्रावर करून घ्यायचे. तेथील कारखान्याने नमुने पाठवले. सारे एका मापाचे, कंपासने काढल्यासारखे गोल, आणि पाठीला गुळगुळीत. सोबतच्या पत्रात त्यांनी नम्रपणे विचारले होते की मूळ मालाच्या पाठीवर जी नक्षी दिसते ती कोणत्या साच्याने काढतात. मी माझ्या वडिलांची थोडक्यात माहिती लिहून पाठवली. उत्तर आले नाही.

वच्छलाबाई हिशेब विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांना हा बेत सांगितला, कारण त्यांच्यापासून लपवणे योग्य नव्हते. त्यांचे माहेर आपल्या धुळ्याकडचे. नशिराबादेत इतकी वर्षे नांदूनही त्यांच्या बोलण्यातले ‘आहे’ऐवजीचे ‘शे’ गेलेले नाही. नमुन्याचा एक तुकडा त्यांनी तोंडात घातला, बराच वेळ चघळला, आणि म्हणाल्या, “ताईनं नाव तठे, बिबडा तठे. मंग आठे काय शे, सर?” मी पुष्कळ विचार केला. आठे, म्हणजे येथे, मी आहे, परंतु ते उत्तर त्यांच्या कामाचे नव्हते. त्या अंगणात बसणाऱ्या साऱ्या बायांची उन्हाळ्याची कमाई यावरच असते. कोकिळा असती तर या गोष्टीचा निकाल चहा उकळेपर्यंत लागला असता. मी म्हणालो, “वच्छलाबाई, मला जळगावात काही ठरवता येत नाही.” त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की माझे केस पूर्ण असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

काम त्या कारखान्याला द्यायचे की नाही, हे ठरवण्यासाठी मागील आठवड्यात कंपनीची सभा झाली. बेटावरचे गृहस्थ पडद्यावर येणार होते आणि राकेश खास पुण्याहून आला होता. आता, पितर म्हणून बसलेल्या माणसाला रिकाम्या पाटावर बसवणे आपल्याकडे शोभत नाही. म्हणून मी लॅपटॉपसमोर पाट मांडला, ताट वाढले, वच्छलाबाईंनी नशिराबादेहून आणलेले यंदाचे बिबडे भाजून, वर तेल सोडून ठेवले. राकेश म्हणाला, “काका, हे काय?” मी म्हणालो, “तूच समजा म्हणालास.” वच्छलाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना जायला सांगावे की नाही, हेही मला ठरवता येत नव्हते.

गृहस्थ पडद्यावर आले. सावळे, जाड भुवयांचे, फार सभ्य. त्यांचे पूर्वज ऊसतोडीसाठी आपल्याकडूनच तेथे गेले होते, असे त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितले. प्रथम त्यांनी ताटाकडे पाहिले आणि ते काय आहे, असे विचारले. मी सांगितले. त्यांची आजी अशीच काहीशी वस्तू कापडावर वाळवीत असे, म्हणाले, आणि ताट नीट दिसावे म्हणून पडद्याजवळ सरकले. राकेशने घसा साफ केला. मग गृहस्थांनी ठराव वाचला आणि काम कारखान्याला द्यायचे का, असे विचारले. नियमाप्रमाणे त्यांनीच उत्तरही द्यायचे होते; राकेशने ते त्यांना आधीच लिहून दिले होते. परंतु सभ्य मनुष्य, त्यांनी प्रथम माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले. राकेश भुवयांनी मला गप्प राहण्याच्या खुणा करीत होता. त्या अनावश्यक होत्या. अक्का, तेवढ्यात बाहेर दूधवाल्याची सायकल वाजली. आणि दारातून वच्छलाबाई म्हणाल्या, “नही. नही म्हंजे नही.”

गृहस्थांनी मान हलवली. ‘नहीं’ हा शब्द त्यांना आजीकडून आलेला असणारच. त्यांनी शांतपणे लिहून घेतले, ठराव नामंजूर झाल्याचे मोठ्याने वाचून दाखवले, मला नमस्कार केला, ताटाकडे एकवार पाहिले आणि पडदा काळा झाला.

यानंतर राकेश जे बोलला, ते आईला लिहिण्याजोगे नाही. त्याचा आशय असा, की ज्या बाईचा कंपनीशी सुतराम संबंध नाही तिने जळगावच्या उंबऱ्यात उभे राहून ठरवलेली गोष्ट निर्णय होऊच शकत नाही. त्यावर मी, केवळ माहितीसाठी, विचारले की निर्णय जळगावात झाला, असे आपण लिहून द्यायचे का. जळगावात झाला म्हटले तर सगळा कर लागतो; बेटावर झाला म्हटले तर तो पाळावा लागतो. राकेश बराच वेळ येरझारा घालीत होता. शेवटी पाटावर बसला आणि ते बिबडे खाऊन टाकले. दोन्ही. दुसरा खाताना त्याचे डोळे ओले झाले होते; तिखट जरा जास्त होते, असे तो म्हणाला. वच्छलाबाईंनी तिखट नेहमीचेच टाकले होते.

तर सारांश असा. काम नशिराबादेत राहिले आहे. कोणी ठरवले, ते मला सांगता येत नाही. नाव मात्र अजून बेटावरच आहे, आणि माझा गोंधळ तेथे आहे. येत्या आखाजीला कोकिळेची पहिली घागर भरायची. घागर भरताना गेलेल्या माणसाचे नाव घ्यावे लागते. ते नाव आता दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने, प्रत्येक वेळी घेतल्याबद्दल बेटाला काही द्यावे लागते का, की वर्षातून एकदा घेतलेले चालते, हे मी राकेशला विचारले. त्याने फोन ठेवला. त्याच्याकडे दूध नसते, त्यामुळे कारण समजले नाही. घरात एकटा असताना मी ते नाव अधूनमधून मोठ्याने घेतो, हे त्याला सांगायचे राहिले आहे.

नानांना नमस्कार. गुडघ्याला महिनाभर तरी एस.टी.चा प्रवास नको, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

आपला आज्ञाधारक,
रुपचंद

ता. क. वरील सूचना रद्द समजावी. आखाजीला कोकिळेच्या नावाने पितर म्हणून सवाष्ण बसवायची आहे आणि कॉलनीतील सुलक्षणाबाई तयार आहेत. परंतु त्या सारखे ‘बरं बरं’ म्हणतात, आणि कोकिळेने आयुष्यात मला एकदाही ‘बरं बरं’ म्हटले नाही. तिच्या पाटावर आपणच बसावे. जेवताना मला थोडे बोललात तरी चालेल. पारोळ्यावरून येणारी बस बसायला बरी असते.

ता. क. दुसरी. येताना राकेशला घेऊन यावे, आणि मावशीचे नाव बेटावरून परत आणण्याविषयी त्याला आपण, त्याची आई म्हणून, एक शब्द सांगावा. कर किती लागेल, याचा हिशेब त्याने खुशाल करावा. मला तो समजावून सांगू नये. पूर्ण पत्र मी एवढ्याचसाठी लिहिले होते, परंतु प्रस्तावनेत जागा गेली.

ता. क. तिसरी. हे पाकीट बंद करीत असतानाच वच्छलाबाई आल्या. धोतरे पार विरली आहेत, बिबडे घालायला कापड नाही, काय करू, असे विचारीत होत्या. मी कपाट उघडले आणि कोकिळेची सुती पातळे काढून दिली. ते जांभळे, रंग सुटायचा थांबेपर्यंत धुतलेले, तेही दिले. यंदाच्या बिबड्याच्या पाठीवर तिची वीण उमटेल. हा निर्णय मी जळगावात, माझ्या घरी, पूर्ण शुद्धीवर घेतलेला आहे. त्यावर जो काही कर बसत असेल तो राकेशने कळवावा. मी भरीन.